पूर्ण झाडाचा पैसा

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच सांगतात. तो छंद बायकोच्या पिठाच्या चाळणीपर्यंत पोचू नये, हे मात्र कुणी सांगत नाही.

ही हकीकत जयपूरमधल्या एका मराठी घरातली. बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. १९९३ च्या जून महिन्यात त्यांची पुण्याहून जयपूरला बदली झाली. ट्रकने सामान आलं. आईचं शिलाई मशीन आलं, पितळी डबे आले, तुळशीची कुंडीसुद्धा न फुटता आली. आली नाही ती नऊ वर्षांच्या लेकीची बडबड. पुण्यात जिला गप्प बसवायला आजीला गोष्ट सांगावी लागे, ती इथे शाळेतून येई, दप्तर ठेवी आणि खिडकीत बसून राही. शाळेत पहिल्याच आठवड्यात ती ‘मेरा किताब’ म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. आपल्याकडे ते पुस्तक. हिंदीत किताब ‘मेरी’ असते, हे त्या पोरीला कुणी शिकवलं होतं? तिने त्यावर साधा उपाय काढला. शाळेत बोलायचंच नाही. पुढे पुढे घरातही तेच.

‘होईल हळूहळू,’ आई म्हणे. बाबाही तेच म्हणत. पण रात्री दोघांनाही झोप लागत नसे.

गणपती होऊन गेले त्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी बाबा आणि लेक भाजी आणायला कोपऱ्यावरच्या ठेलेवाल्याकडे गेले. तो तराजूत भेंडी टाकत होता. लेकीची उंची बेताची, त्यामुळे मोठ्यांना पारड्याचा वरचा भाग दिसतो तर तिला खालचा दिसत होता. एका पारड्याच्या खाली चिंधीने काहीतरी बांधलेलं होतं. पासंग म्हणजे काय, हे आपल्याकडच्या गृहिणींना वेगळं सांगायला नको. हलकं पारडं जड पारड्याच्या बरोबरीला आणायला खाली काहीबाही बांधतात, ते. चिंधी फाटली होती आणि तिच्यातून तांब्याचा एक जाड तुकडा डोकावत होता.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्याच्याखाली झाड आहे.’

कितीतरी दिवसांत घराबाहेर तिने उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. बाबांनी भेंडी सोडून पारड्याखाली डोकं घातलं. खरंच झाड होतं. अर्धंच, वरच्या दोन फांद्या आणि मधली काडी. ठेलेवाला तो तुकडा द्यायला तयार होईना. त्याचंही बरोबरच होतं. तुकडा गेला तर तराजू खोटा पडणार. मग बाबांनी स्कूटरच्या डिकीतून नट-बोल्ट काढले आणि ठेल्यावर प्रयोग सुरू झाला. हा नट जड, तो हलका. भाजी घ्यायला आलेल्या दोन बायका पिशव्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. तिसऱ्या नटाला काटा सरळ उभा राहिला. ठेलेवाल्याने नट घेतला, वर पाच रुपयेही घेतले, आणि तांब्याचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवला. घरी आल्यावर बाप-लेकीने तो चिंचेने घासून लखलखीत केला. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याने त्याची किंमत आणि ओळख दोन्ही जातात, हे त्यांना पुढे कळलं. त्या रात्री मात्र लेक तो पैसा मुठीत धरून झोपली.

बाबांच्या बँकेत निवृत्तीला आलेले एक रोखपाल होते, अस्सल जयपुरी. त्यांनी पैसा पाहिला आणि हसले. ‘यह तो झाड़शाही है साहब.’ जयपूर संस्थानाची स्वतःची टांकसाळ होती. तिच्यातून पडलेल्या नाण्यांवर झाडाची खूण असे, म्हणून ही नाणी झाडशाही. बाकीची अक्षरं फारशी. यंत्रं येण्याआधी नाणं हातोड्याने पाडत. तांब्याची चकती ठशावर ठेवायची आणि वरून घाव घालायचा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे नक्षीचा जेवढा भाग चकतीवर येईल तेवढाच उमटायचा. एका पैशावर फांद्या आल्या तर दुसऱ्यावर बुंधा. रोखपालांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच पुढच्या सगळ्या उपद्व्यापांना कारण झाली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातातून बरेच झाडशाही पैसे गेले होते, पण पूर्ण झाड असलेला तांब्याचा पैसा त्यांनी एकदाच पाहिला होता.

झालं. घरी येऊन बाबांनी जाहीर केलं की आपण पूर्ण झाडाचा पैसा शोधायचा. ‘कधी?’ लेकीने विचारलं. ‘रविवारी,’ बाबा म्हणाले. आईने दोघांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. लेक बोलत होती ना, मग चालेल, असा त्या वेळी तिचा हिशेब होता.

खरं तर हे वेड बाबांना लहानपणीच लागलं होतं. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या आसपासच्या बोळांत ते वाढले. सुट्टीत तिथे गेलं की दिवे बघायचे, अडकित्ते बघायचे, दौती बघायच्या, पाय घासायच्या वज्रीही बघायच्या. कुणी फेकून दिलेल्या, अडगळीत टाकलेल्या वस्तू दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि पुढे तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. संग्रहालयाच्या नावातला राजा कोण, हा प्रश्न बहुतेक मुलांना पडत नाही. तो केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. बाबांना हे ठाऊक होतं. लेकीला त्यांनी दिव्यांच्या आणि अडकित्त्यांच्या गोष्टी सांगितल्या, ही एक सांगितली नाही.

रविवारी जयपूरच्या परकोट्यातली, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतली, बरीचशी दुकानं बंद असतात आणि बंद दुकानांपुढे जुन्या मालाच्या पथाऱ्या लागतात. कुलपं, बिनकाट्यांची घड्याळं, एकेकटे बूट, गोटी सोड्याच्या बाटल्या, आणि कुठेतरी कोपऱ्यात चहाच्या डब्यात नाणी. बाबा मराठी वळणाचं हिंदी बोलत, कबाडी मारवाडी वळणाचं, आणि दोघांचा सौदा बहुतेक बोटांवर होई. पहिल्याच महिन्यात बाबांनी दीडशे रुपयांना एक नाणं घेतलं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, साल १८१८. कबाडी कानाशी लागून म्हणाला होता की असं नाणं तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेतं, परदेशात याचे लाखो मिळतात. सोमवारी रोखपालांनी ते टेबलावर टाकून आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. कंपनीने सगळ्या मुलखासाठी अर्धा आणा पाडला तोच १८३५ पासून. १८१८ चा अर्धा आणा कुठून येणार? कडेवर साच्याची रेघही दिसत होती. लेकीने मात्र घरी ताटात तांदूळ पसरून प्रयोग केला. दाणे जागचे हलले नाहीत. दीडशे रुपये म्हणजे त्या काळी घरातला काही दिवसांचा भाजीपाला आणि दूध होतं, आणि आईने तो हिशेब बोलून दाखवला. लाखांची आशा दाखवून असली नाणी विकणारे आजही आहेत, बरं का. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावाखाली शिकली-सवरलेली माणसं फसल्याच्या बातम्या अजून येतात.

त्या हिवाळ्यात भेटलेला एक माणूस सांगण्यासारखा आहे. पहाटेची वेळ, जौहरी बाजारामागच्या गल्ल्या, दुकानं उघडायला अवकाश. एक म्हातारा गटाराच्या काठाशी उकिडवा बसून बारीक कुंच्याने कचरा गोळा करत होता आणि लोखंडी परातीत धूत होता. बाबांनी ओळखलं, हा झारेकरी. आपल्याकडे सराफ कट्ट्यांतही पूर्वी हे लोक दिसत. सोनारांच्या दुकानातला केर, राख, गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारे. जयपुरात त्यांना न्यारिया म्हणतात. लेक त्याच्याजवळ जाऊन बसली आणि बघत राहिली. त्याने परात गोल फिरवली. पाण्याबरोबर माती उडून गेली आणि तळाशी काळपट रेतीची कोर उरली. ‘भारी चीज़ कहीं नहीं जाती, बिटिया,’ तो म्हणाला, ‘जहाँ पानी मुड़ता है, वहीं बैठ जाती है.’ पाणी वळतं तिथे जड वस्तू खाली बसते. लेकीने मान हलवली. तिला ते वाक्य सबंध समजलं होतं आणि त्यात तिच्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

पाणी वळतं तिथे शोधायचं, हे डोक्यात बसल्यावर दुसऱ्या फेरीत चाळणी आली. जयपूरला जुलै १९८१ मध्ये मोठा पूर आला होता. ‘तेव्हा शहरातलं काय काय वाहून अमानीशाह नाल्यात गेलं म्हणून सांगू!’ असं एका कबाड्याने सांगितलं. आज या नाल्याला द्रव्यवती नदी म्हणतात आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती आहेत. तेव्हा तो रेतीचा रुंद पट्टा होता, मधून शहराचं सांडपाणी वाहायचं. १९९४ च्या मे महिन्यात एका रविवारी बाप-लेक पिठाची चाळणी आणि उलथनं घेऊन त्या रेतीत उतरले. आईला सांगितलं होतं, बागेत जातो.

तीन तासांत सापडलं ते असं: बांगड्यांच्या काचा, सोड्याच्या बाटलीची मान, एक दाढ (कुणाची ते देव जाणे) आणि ॲल्युमिनियमचे दहा पैसे, ते १९७१ चे. मग पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालं. राजस्थानात नवीन असलेल्या माणसाला हे पिवळेपण कळत नाही. ‘आज लवकर संध्याकाळ झाली,’ असं बाबा म्हणाले आणि तेवढ्यात आंधी येऊन आदळली. डोळे उघडता येईनात, तोंडात रेती, कानात रेती. बाबांनी लेकीला पोटाशी धरलं आणि चाचपडत चालू लागले. हाताला काहीतरी केसाळ, उबदार लागलं. गाढव होतं. नाल्यातून माती वाहणाऱ्या कुंभाराची तीन गाढवं वाऱ्याकडे पाठ करून शांत उभी होती आणि त्यांच्या आडोशाला कुंभारही बसला होता. अंग आक्रसून त्याने या दोघांना जागा करून दिली. अर्ध्या तासाने वारा पडला तेव्हा तिघांचेही चेहरे एकाच रंगाचे झाले होते. लेक कुंभाराकडे बघून हसायला लागली, कुंभार तिच्याकडे बघून. चाळणी कुठे उडाली ते कळलं नाही. उलथनं मिळालं.

आईने त्या दिवशी दाराबाहेरच बादली ठेवली आणि दोघांना तिथेच आंघोळ घातली. ‘बाग फार छान असेल,’ एवढंच ती म्हणाली.

दोन वर्षांत बोर्नव्हिटाच्या डब्यात पस्तीस-चाळीस नाणी जमली. १९४३ च्या पुढचे भोकाचे पैसे, सवाई मानसिंहांची छबी असलेला पितळी आणा, आणि झाडशाही पैसे चौदा. कुठे फांदी, कुठे बुंधा. लेकीने कागदावर त्यांच्या नकला काढून, कापून, एकमेकांना जोडून पूर्ण झाड तयार केलं होतं. ते भिंतीवर चिकटवलेलं होतं. शाळेत आता ती बोलत असे, पण मोजकं. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून नाही. बाई प्रगतिपुस्तकावर ‘शांत’ असा शेरा लिहीत. हिंदी शाळेत तो कौतुकाचा शेरा होता.

१९९५ च्या जुलैतला एक रविवार. दोन दिवस चांगला पाऊस पडून गेला होता. लेक अकरा वर्षांची. दोघं स्कूटरवरून आमेरला गेले. आमेरचा किल्ला सगळे पाहतात, हत्तीवर बसून वर जातात, आरसेमहालात माना वर करून उभे राहतात. किल्ल्याच्या मागच्या जुन्या वस्तीत फार कुणी शिरत नाही. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी जयपूर वसवलं, राजधानी तिकडे गेली आणि आमेरची कितीतरी घरं हळूहळू ओस पडली. डोंगराच्या उतारावर बिनछपराच्या भिंती, त्यांच्यातून उगवलेली झाडं, मधून पावसाने पाडलेल्या घळी. वर जयगड. चालता चालता बाबांनी लेकीला जयगडाच्या खजिन्याची गोष्ट सांगितली. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारने त्या किल्ल्यात खजिन्यासाठी मोठी शोधाशोध केली होती. काही सापडलं नाही, असं सरकारने सांगितलं. जयपूरकरांचा मात्र त्यावर आजही विश्वास नाही. ट्रक भरून सोनं गेलं, असं पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणीही सांगेल.

‘आपल्याला त्याच्यातलं काही मिळालं तर?’ लेकीने विचारलं.

‘तर तुला सायकल,’ बाबा म्हणाले.

एका पडक्या घरामागे घळीचं पाणी भिंतीला अडून डावीकडे वळत होतं. लेक तिथे थांबली. उलथन्याने वळणावरची रेती उकरली, पसा भरून धुतली. तळाशी एक हिरवट चकती. मग दुसरी. बाबा गुडघ्यांवर बसले. वरच्या अंगाला भिंतीच्या पायातली माती खचली होती आणि तिच्यात गाडग्याचं खापर अडकलेलं होतं. नाणी त्यातून घरंगळत आली होती. एकूण अकरा निघाली. लेक एकेक पाण्यात बुडवून बोटाने पुसत होती. चिंच लावायची नाही, हे आता तिला ठाऊक होतं. सातवं नाणं तिने उचललं आणि बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

बुंधा होता. दोन्ही बाजूंच्या फांद्या होत्या. वरचा शेंडाही होता आणि झाडाभोवती बोटाच्या नखाएवढी मोकळी जागासुद्धा.

आनंदाच्या भरात माणूस काय करील सांगता येत नाही. खापर आहे म्हणजे आणखी काही असेल, म्हणून बाबा त्या भिंतीवर चढले. भिंत दोन दिवस भिजलेली. वरचा दगड पायासकट निसटला आणि बाबा पुरुषभर उंचीवरून खाली आले. उजव्या घोट्यातून आवाज आला. उठायला गेले तर डोळ्यांपुढे काळोख. साडेपाच वाजून गेले होते, ढग भरत होते, हाकेच्या अंतरावर कुणी नव्हतं. या डोंगरात बिबटे आहेत, इथले लोक त्यांना बघेरा म्हणतात, हेही बाबांना त्याच क्षणी आठवलं. लेकीला जवळ ठेवावं तर रात्र इथेच होणार. खाली पाठवावं तर एकटीला पाठवायचं.

‘मी जाते,’ लेक म्हणाली. तिने नाणी रुमालात बांधून बाबांच्या खिशात घातली, उलथनं त्यांच्या हातात दिलं (कशासाठी कोण जाणे) आणि निघाली.

वळणापर्यंत तिचा पिवळा फ्रॉक दिसत होता. मग दिसेना. पुढचा पाऊण तास बाबांनी कसा काढला, ते त्यांनी आईलाही कधी नीट सांगितलं नाही. खूप वर्षांनी एकदा लेकीला एवढंच म्हणाले, ‘तेव्हा मला सारखं ते संग्रहालयाचं नाव आठवत होतं.’ लेकीने का म्हणून विचारलं आणि राजाची गोष्ट तिला तेव्हा कळली.

पाऊण तासाने खालून शेळ्यांच्या घंटा वाजल्या. मग दोन गुराखी दिसले, त्यांच्या डोक्यावर उलटी खाट, आणि सगळ्यांच्या पुढे पिवळा फ्रॉक. ती रस्त्यापर्यंत गेली होती, पहिल्या दिसलेल्या झोपडीत शिरली होती आणि ओरडून म्हणाली होती, ‘मेरा बाबा ऊपर गिर गया है, मुझको दो आदमी और एक खाट चाहिए!’ व्याकरण तपासायला तिथे कुणी नव्हतं. खाट आणायची हे त्या गुराख्यांना सुचण्याआधी तिला सुचलं होतं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आई दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेज देताना म्हणाली, ‘तांब्याच्या तुकड्यांसाठी पोरीला बिबट्यांच्या डोंगरातून एकटीला पाठवलंत.’ याला बाबांकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी शोधलंही नाही.

तरीही उशीखाली रुमाल होताच. रात्री दिव्याच्या उजेडात ते पूर्ण झाड बघत. एकदा लेक शेजारी येऊन बसली.

‘बाबा, हे आपले आहेत का?’

बाबांनी थोडं थांबून खरं ते सांगितलं. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा इंग्रजांच्या वेळचा एक कायदा आहे, निखात निधीचा. सापडलेल्या ऐवजाची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. संस्थानी मुलखात हाच कायदा लागतो की दुसरा, हे बाबांनी पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही नव्हती.

‘पण हे तर अकरा पैसे,’ बाबा म्हणाले. ‘अकरा पैसे म्हणजे दहा रुपये नव्हेत.’

‘कबाडी एकाचे पाच रुपये घेतो. अकरा पाचे पंचावन्न.’

बाबा आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘दहा देऊन टाकू. एक ठेवू.’

‘मग दहाच सापडले असं सांगायचं?’

तिने हे भांडायच्या सुरात विचारलं नव्हतं. काय सांगायचं ते पाठ करून घ्यावं, तसं विचारलं होतं. शाळेत जाताना ती हिंदी वाक्यं अशीच पाठ करायची. बाबांना हा स्वर ओळखीचा होता. चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी त्या पैशावर पातळ कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली, आणि झाड कागदावर उतरवून घेतलं. कागद डायरीत ठेवला. पैसा रुमालात गेला.

सप्टेंबरमध्ये हातात काठी घेऊन बाबा, आणि शाळेला दांडी मारून लेक, असे दोघं कचेरीत गेले. पहिल्या टेबलावरच्या कारकुनाला वाटलं, चोरीची तक्रार आहे. दुसऱ्याने विचारलं, ‘लौटाने आए हैं?’ आणि खुर्ची दिली. तिसऱ्या टेबलापर्यंत ही बातमी पोचून चहाही आला. इतक्या वर्षांत आपणहून काही आणून देणारं कुणी आलं नव्हतं, असं तिथल्या एका ज्येष्ठ साहेबांनी सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नाणी दोनदा मोजली. बाबांनी १८७८ चा कायदा काढला तेव्हा ते म्हणाले, ‘क़ानून जो भी लगे, चीज़ तो जमा हो गई.’ सातवं नाणं त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. मग अकराही पाकिटात घालून वर लाख लावली.

निघायची वेळ झाली तशी लेक पुढे झाली.

‘हमारा रसीद दीजिए,’ ती म्हणाली.

रसीदही हिंदीत स्त्रीलिंगी. टंकलेखक खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. ‘दीजिए भाई,’ ते त्याला म्हणाले, ‘इनका रसीद दीजिए.’

‘ताँबे के पुराने सिक्के, ग्यारह नग’ असं त्या पावतीवर आहे. १९९७ मध्ये बाबांची बदली पुन्हा पुण्याला झाली तेव्हा ती बोर्नव्हिटाच्या डब्यातून आली, पासंगाच्या पैशासोबत. आज बाबा निवृत्त आहेत, पावसाळ्यात घोटा दुखतो. लेक तिच्या संसारात, दुसऱ्या गावी. ऑगस्ट २०२० मध्ये जयपूरला पावसाने कहर केला, अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं. तिथली ईजिप्तची ममी कर्मचाऱ्यांनी उचलून वाचवली, भिजलेल्या फायली वाळत घातलेल्या टीव्हीवर दिसल्या. लेकीचा लगेच फोन आला. आपली नाणी शेवटी कुठे जाऊन पडली, हे दोघांना कधीच कळलं नव्हतं. पण दोघंही टीव्हीवरच्या ओल्या पाकिटांकडे बघत होते.

त्या कायद्यात आणखी एक कलम आहे. मूळ मालक मिळाला नाही तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. लेकीने हा हिशेब प्लास्टरच्या दिवसांतच केला होता.

‘आपले सव्वाआठ पैसे आहेत तिकडे,’ ती फोनवर म्हणाली.

‘हो. आणि झाडाचा त्या आठांतच धरायचा,’ बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘माझी चाळणी पण लिहून घ्या म्हणावं.’